पत्रिकांचं झाड

त्या झाडापासून कुमुदिनीबाईंना काय मिळणार होतं, ते आधी सांगते. एक खोली. स्लॅबची, दोन खिडक्यांची, पावसात न गळणारी. साखर कारखान्याच्या वसाहतीतली आमची बालवाडी तेव्हा बारदानाच्या जुन्या गोदामात भरायची. पोरं घरी गेली की त्यांच्या डोक्याला पोत्यांचा वास यायचा आणि आया मला विचारायच्या, “ताई, यांना शिकवता की पोत्यात भरता?” नव्या खोलीचा अर्ज कारखान्याच्या बांधकाम विभागात सात महिने पडून होता. त्या विभागाच्या साहेबांच्या पत्नी म्हणजे शैलजावहिनी, आणि वहिनींना त्या वर्षी पर्यावरणाची आवड लागली होती. तेव्हा प्रदर्शन पर्यावरणाचं, आणि उद्घाटनाला वहिनी. कुमुदिनीबाईंचं गणित कधी चुकायचं नाही.

“वैजयंता, झाड पाहिजे,” सोमवारी सकाळी त्या म्हणाल्या. “कागदाचं. माणसाच्या उंचीचं. मुलांनी केलेलं.”

“मुलं चार वर्षांची आहेत, बाई.”

“म्हणून तर तुम्ही आहात.”

“किती पानं?”

“तीनशे तरी. विरळ दिसलं तर वहिनी म्हणतील, झाड वाळलं. आणि नवा कागद अजिबात नको. टाकाऊतून टिकाऊ म्हणजे टाकाऊच.”

हे बोलणं सोपं होतं. वसाहतीत कागद टाकाऊ व्हायचाच कुठे? वर्तमानपत्र महिनाअखेरीला वाण्याकडे पुड्या बांधायला जायचं. जुन्या वह्या बंब पेटवायला. एकच कागद घरोघरी पडून असायचा, तो म्हणजे लग्नपत्रिका. तिच्यावर गणपती असतो. फेकता येत नाही, जाळता येत नाही, पायाखाली येऊ द्यायची नाही. नदीत सोडायची म्हणून माळ्यावर ठेवायची, आणि नदीवर जायला सवड कुणाला? मी पोरांना सांगितलं, उद्या घरून जुन्या पत्रिका आणा.

मंगळवारी पत्रिका आल्या. कुणी दोन आणल्या, कुणी पाच. एकानं चुकून विजेचं बिल आणलं, ते परत पाठवलं. आणि खराड्यांची चिमी आली ती दोन्ही हातांनी पोटाशी एक गठ्ठा धरून. सुतळीनं बांधलेला. हनुवटीपर्यंत आला होता.

“अगं, एवढ्या कुणाच्या?”

“आत्यानं दिल्या,” चिमी म्हणाली. “आत्या म्हणाली सगळ्या ने. मी एकटीनं आणल्या. वाटेत खाली नाही ठेवल्या.”

तिचे कान लाल झाले होते. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त आपण आणल्या, हे तिला न मोजताही कळत होतं. मी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, टाळ्या वाजवायला लावल्या. ते मला नीट आठवतं, कारण पुढे त्या टाळ्यांचाच मला त्रास झाला.

दुपारी पोरं झोपल्यावर मी गठ्ठा सोडला. शंभराच्या वर पत्रिका, सगळ्या एकाच लग्नाच्या. बाहेरून गुलाबी, गुळगुळीत, सोनेरी गणपती. आतून पांढरा खरखरीत कागद. आणि एकाही पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू नव्हतं.

पत्रिकेला कुंकू लागतं ते घराबाहेर पडताना. म्हणजे या कुणाला गेल्याच नव्हत्या. मी आत वाचलं. वधूचं नाव सुलक्षणा खराडे. म्हणजे चिमीची आत्या. तारीख पावणेदोन वर्षांपूर्वीची. आणि सुलक्षणा रोज सकाळी माझ्यासमोर चिमीची चप्पल काढायची, गळ्यात एक बारीक चेन, बाकी मोकळा.

आता इथे खराड्यांचं सांगायला हवं. चिमीचे वडील कारखान्यात पॅनमन. उकळत्या रसात साखरेचा दाणा कधी धरेल, ते काचेतून नुसतं बघून ओळखणारा माणूस. त्याची पाळी असली की साहेबलोक निर्धास्त झोपायचे. दीड वर्षापूर्वी दुसऱ्या कारखान्यातून इथं आला, बायको, मुलगी आणि लग्नाची बहीण घेऊन. का आला ते कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शैलजावहिनींनी सुलक्षणेला पाहिलं. उंच, शांत, तिळगुळाचं ताट सावकाश फिरवणारी. वहिनींचा भाचा टेलिफोन खात्यात होता. दोन दिवसांत बोलणी झाली. वहिनींनी सरळ विचारलं, “आधी कुठं काही ठरलेलं, मोडलेलं?” आणि पॅनमन म्हणाला, “छे छे, हे पहिलंच स्थळ.” हे सगळं मला आमच्या गोदामाच्या दारात उभ्या राहणाऱ्या आयांकडून कळलेलं. येत्या रविवारी सुपारी फुटणार होती. प्रदर्शन शुक्रवारी.

सुलक्षणा चिमीला न्यायला आली, तेव्हा मी तिला बाजूला घेतलं.

“या पत्रिका कापायच्या ना, नक्की?”

“कापा की.”

“तुझ्या आहेत.”

“म्हणून तर मी दिल्या.” ती चिमीच्या फ्रॉकची बटणं लावत होती. “माळ्यावर आहेत, ताई. दादा दर अमावास्येला म्हणतो, नदीत सोडून येतो. पावणेदोन वर्षं झाली. मी झोपते त्या जागेच्या बरोबर वर आहेत.”

“दादाला विचारलंस?”

“दादाला पॅन सोडून वर बघायची सवय नाही.”

“आणि नावं? वहिनी येणार आहेत शुक्रवारी.”

“रंगवा की वरनं.”

मी फार विचार केला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी कशाचाच फार विचार करत नव्हते. साडेसहाच्या गाडीनं गावाहून यायचं, तीस पोरांची नाकं पुसायची, संध्याकाळी घरी जाऊन सासूबाईंचं ऐकायचं की दुसऱ्यांची पोरं सांभाळायला जाते आणि घरचं पीठ संपलेलं हिला दिसत नाही. मला तीनशे पानं हवी होती आणि ती आयती चालून आली होती.

बुधवार, गुरुवार पानं झाली. आधी मी प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवला, कारण गणपतीवर लहान मुलाची कात्री चालवली असं कुणाच्या आजीला कळलं तर बालवाडी बंद झाली असती. मग पोरांनी पानं कापली. काही पानं पानांसारखी होती, काही बटाट्यासारखी. गुळगुळीत बाजूवर रंग धरेना, ओघळून जाई. म्हणून आतली खरखरीत बाजू हिरवी रंगवायची असं ठरलं. म्हणजे अक्षरं आपोआप रंगाखाली. मी स्वतः प्रत्येक पान उजेडात धरून बघत होते, आणि जिथं ‘सुल’ किंवा ‘क्षणा’ दिसलं तिथं दुसरा हात मारत होते. पोरं कणकेची खळ लावता लावता चाटत होती. बाहेर कारखान्याच्या चिमणीची राख पडत होती, ती वाळत घातलेल्या पानांवर बसत होती. कुमुदिनीबाई आल्या, एक पान फुंकलं आणि म्हणाल्या, “पर्यावरण आहे खरं.”

बोरीची एक वाळकी फांदी रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून उभी केली. पानं चिकटवायची की टांगायची यावर बाईंनी निर्णय दिला, “टांगा. पंखा लावला की हलली पाहिजेत.” तीनशे पानांना तीनशे दोरे. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा सुलक्षणा आली आणि न विचारता माझ्या शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत दोघींनी गाठी मारल्या. माझी गाडी सुटेल म्हणून ती म्हणाली, “तुम्ही जा. राहिलेली मी बांधते.”

शुक्रवारी सकाळी मी आले. झाड बरं दिसत होतं. हिरवं, भरलेलं. आणि माणसाच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर, पुढच्या फांदीला, एक पांढरं पान.

ते आम्ही कापलेलं नव्हतं. कडा सफाईदार, शिवणकाम येणाऱ्या हातानं कापलेल्या. त्यावर रंगाचा ठिपकाही नाही. सुलक्षणेचं पूर्ण नाव, नवऱ्यामुलाचं पूर्ण नाव, तिथी, वेळ, मंगल कार्यालय, सगळं त्या एका पानात बसवलेलं. मी हात वर केला.

“ते राहू दे, ताई.”

ती खिडकीजवळ चिमीच्या वेण्या घालत होती. चिमीला झाडाजवळ उभं करायचं होतं, “झाड आपला मित्र” म्हणायला.

“अगं, वहिनी आत्ता येतील.”

“म्हणूनच.”

“सुलक्षणा, रविवारी सुपारी आहे तुझी.”

“मला ठाऊक आहे रविवारी काय आहे ते,” ती म्हणाली आणि चिमीच्या वेणीला रिबनची गाठ मारली. “तुम्ही बघितलंच नाही असं समजा.”

गाठ सोडायला मला दोन क्षण लागले असते. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. मी हात खाली घेतला.

शैलजावहिनी आल्या. फीत कापली. कागदाच्या टोप्या पाहिल्या, कागदाच्या चिमण्या पाहिल्या. एक चिमणी त्यांच्या साडीला खळीनं चिकटली, ती कुमुदिनीबाईंनी हळूच सोडवली. चिमीनं “झाड आपला मित्र” म्हटलं आणि पुढचं विसरली, तरी वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मग त्या झाडासमोर उभ्या राहिल्या.

“सुंदर! सगळं मुलांनी?”

“सगळं मुलांनी,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “जुन्या लग्नपत्रिका, वहिनी. एकही नवा कागद नाही.”

“किती कल्पक! पण हे एकच पान पांढरं का हो?”

“झाडाला एखादं पिकलं पान असायचंच की!” बाई हसल्या. स्वतःच्या हजरजबाबीपणावर त्यांना समाधान वाटलं, हे मला दिसलं. त्यांनी मदतनीस बाईला पंखा लावायची खूण केली. पानं हलली. वहिनींनी ते पांढरं पान बोटांत धरलं, चष्मा वर केला आणि वाचलं. पहिल्यांदा मनात. दुसऱ्यांदा ओठ हलवत.

“ही सुलक्षणा खराडे म्हणजे आपलीच का?”

“अहो, ही काय!” बाईंनी ते पान वाचलं नव्हतं, त्यामुळे त्यांना फार आनंद झाला. सुलक्षणेला दंडाला धरून त्यांनी पुढे आणलं. “आपल्या पॅनमनची बहीण. हिनंच सगळ्या गाठी मारल्यात. मुलगी हाताला इतकी चांगली आहे, वहिनी!”

वहिनींनी सुलक्षणेकडे बघितलं. सुलक्षणेनंही त्यांच्याकडे बघितलं, मान खाली न घालता. मग वहिनींनी ते पान हळूच दोऱ्यातून ओढून पर्समध्ये ठेवलं, चहा नको म्हणाल्या आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, “उपक्रम स्तुत्य. बालमनावर योग्य संस्कार.”

शनिवारी दुपारी वहिनींकडून खराड्यांना निरोप गेला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. चार वाजता पॅनमन गोदामात आला. पाळीवरूनच आला असावा, शर्टावर पाकाचे थेंब वाळलेले होते.

“कुणी कापल्या पत्रिका?” त्यानं दारातूनच विचारलं.

कुमुदिनीबाई खुर्चीतून उठल्या. “खराडे, आधी बसा तर.”

“बसायला नाही आलो. आमच्या घरातली वस्तू, आम्हाला न विचारता चारचौघांत टांगायची? अक्कल आहे का कुणाला?”

त्याच्या मागे सुलक्षणा उभी होती, चिमीचा हात धरून. तिनं तोंड उघडलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि ते म्हटल्यावर ती रात्री कुठल्या घरात परत जाणार होती तेही कळलं.

“मी कापल्या,” मी म्हणाले. “पान रंगवायचं राहिलं. माझी चूक झाली, भाऊ.”

यात त्यागबिग काही नव्हता. पाच दिवस मी झोपले नव्हते. कुणीतरी चूक कबूल केली की माणसं लवकर घरी जातात, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पॅनमन म्हणाला, “दोन वर्षं पोटात ठेवलं होतं मी ते. दोन वर्षं, ताई.” आणि त्याचा आवाज फाटला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर बाईंनी टेबलावरची खळीची वाटी उगाच उजवीकडून डावीकडे ठेवली.

“वैजयंता, तुम्ही थोडे दिवस घरी थांबा.”

“किती दिवस, बाई?”

“वहिनींचा राग निवळेपर्यंत. खोलीचा अर्ज अजून तिकडेच आहे. तुम्ही समजून घ्याल.”

मी समजून घेतलं. पोरांच्या तीस रुमालांपैकी माझे स्वतःचे चार होते, ते पिशवीत टाकले. गणपतीचा बिस्किटाचा डबा कुणी नदीवर नेणार नाही हे माहीत होतं, म्हणून तोही घेतला.

गाडीच्या थांब्यावर सुलक्षणा आली. धावत आली असावी, पण धापा लपवत होती.

“मी सांगणार होते,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“तुम्ही का बोललात?”

“मला घरी जायचं होतं लवकर. तू का टांगलंस?”

ती थांब्याच्या कट्ट्यावर बसली. “ते पहिलं लग्न का मोडलं, कुणी सांगितलं नाही ना तुम्हाला? त्या मुलाची आधीची बायको होती. माहेरी पाठवलेली, एक मूल असलेली. पत्रिका वाटायच्या आदल्याच दिवशी कळलं. तेही त्यांनी नाही सांगितलं. तिनंच पत्र पाठवलं, माझ्या नावानं. लिहिलं होतं, बाई, हे लपवायचं ते तुला तरी विचारून लपवलं का? तेव्हा दादा त्यांच्या दारात जाऊन ओरडला होता, लपवून लग्न लावता, माणसं आहात का. सगळ्या गल्लीनं ऐकलं. आणि आता तोच म्हणाला, पहिलंच स्थळ.”

“तू वहिनींना नुसतं सांगायचंस.”

“दोनदा दारापर्यंत गेले. तोंडच उघडेना. लिहिलेलं होतं आयतं, तेच पुढं केलं.”

गाडी आली. तिनं माझी पिशवी वर दिली. “तुमचं मी फेडीन, ताई,” ती म्हणाली. मी म्हणाले, “फेडायला काय आहे, जा घरी.” आणि खरोखर, खिडकीत बसल्यावर मी हिशोब केला तो असा: तिचं लग्न गेलं, माझं काम गेलं. दोघींनी वाटून घेतलं. कुणावर काही राहिलं नाही. त्या हिशोबावर मी सव्वीस वर्षं निर्धास्त होते.

खोली झाली. दोन खिडक्यांची. मी पाहिली नाही. कुमुदिनीबाईंनी मला परत बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. घरी सासूबाईंच्या पिठाकडे मात्र व्यवस्थित लक्ष राहिलं. सुलक्षणेची पत्रिका पाच वर्षांनी पोस्टानं आली, कोपऱ्याला भरगच्च कुंकू लावलेली. नवरा शाळामास्तर, बिजवर. पहिल्याच भेटीत तिनं सगळं सांगितलं आणि त्यानंही, असं तिनं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं. ती पत्रिका मी त्या बिस्किटाच्या डब्यात ठेवली, बाकीच्या गणपतींबरोबर.

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी रक्त तपासायला गेले. काउंटरवर नाव दिलं. आत पांढरा कोट घातलेली एक मुलगी माझ्या दंडाला रबर बांधता बांधता थांबली.

“तुम्ही बालवाडीच्या वैजूताई का? कारखान्यावरच्या?”

“हो. तू गं कोण?”

“चिमी. खराड्यांची.” ती हसली. “ओळखलं नाही ना? मी ती, पत्रिकांचा गठ्ठा आणणारी. आत्याचं लग्न मोडलं ना मी.”

हे तिनं अगदी सहज म्हटलं, ‘मी ती उंच मुलगी’ म्हणावं तसं. आणि शीर शोधायला लागली.

“कोण म्हणतं असं?”

“सगळेच. चेष्टेत हो. मी घरात कुठलाही कागद उचलला की बाबा म्हणायचे, ठेव तो खाली, एक लग्न मोडलंस तेवढं पुरे. पाहुण्यांना पण सांगायचे. मूठ घट्ट करा, ताई.” सुई शिरली. “गठ्ठा शाळेत नेला म्हणून त्या दिवशी आईनं मला मारलं होतं. ते नाही आठवत फारसं. मला आठवतं ते तुम्ही वर्गात टाळ्या वाजवायला लावलेल्या. मला कळेचना, टाळ्या कशाच्या आणि मार कशाचा. चौथीपर्यंत मी शाळेत दप्तर सोडून काही नेलं नाही. बाईंनी सांगितलं तरी रंगीत कागद नेले नाहीत. बाई म्हणायच्या, मुलगी आळशी आहे.”

माझं रक्त नळीत चढत होतं. मी ते बघत राहिले.

“चिमी, पान तुझ्यामुळे नाही दिसलं. ते तुझ्या आत्यानं मुद्दाम लावलं होतं. न रंगवता. तिला ते लग्न लपवून करायचं नव्हतं. आणि मी ते आधी पाहिलं होतं. काढलं नाही.”

तिनं सुई काढली, कापूस ठेवला, माझा हात कोपरात दुमडला. नळीवर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. एवढं सगळं झाल्यावर म्हणाली,

“आत्यानं?”

“हो.”

“आत्या मला दर दिवाळीला ड्रेस पाठवते,” ती नळीकडे बघत म्हणाली. “नोकरी लागली, लग्न झालं, तरी पाठवते. एक वर्ष चुकलं नाही. आम्ही हसायचो, आत्याला मी अजून चार वर्षांचीच वाटते.”

“तिला सांगायला जमलं नसेल.”

“आणि तुम्हाला?”

बाहेर पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. मी खुर्चीतून उठले.

“दाबून धरा, ताई,” ती म्हणाली. “पाच मिनिटं. सोडलं की वाहतं.”

मी बाकावर येऊन बसले आणि कापूस दाबून धरला. बाईंना खोली मिळाली. वहिनींना खरं कळलं. सुलक्षणेला मनासारखा नवरा मिळाला, उशिरा. माझं काम गेलं, ते तसंही मला जड झालं होतं. आणि ज्या पोरीनं तो गठ्ठा वाटेत एकदाही खाली न ठेवता आणला, तिला तो मी सव्वीस वर्षांनी खाली ठेवायला सांगितला.